बंद नाक, घोरणे आणि दिवसाची झापड

वंदनेनंतर ध्यानाला बसले की काहींना हमखास डुलकी लागते. अभ्यासाला बसलेला विद्यार्थी पुस्तकावरच पेंगतो. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. धम्मात थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती व झापड, हे पाच नीवरणांपैकी एक आहे. परंतु प्रत्येक झापड मनाचीच असते असे नाही. कधी तिचे मूळ रात्रीच्या श्वासात असते. आम्हीही घोरणे म्हणजे गाढ झोप असेच समजत होतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका आवळतो की श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबतो किंवा फार कमी होतो. मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप लागते. सकाळी यातले काही आठवत नाही. यास 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. प्रौढांत तासाला असे ५ ते १४ प्रसंग घडले तर विकार सौम्य समजतात.

नाक चोंदले की श्वास जोराने ओढावा लागतो आणि त्या ओढीने मऊ घसा आत खेचला जातो. तोंडाने श्वास घेतल्यास जबडा खाली येतो, जीभ मागे सरकते, वाट अधिकच अरुंद होते.

म्हणून आधी नाकाकडे पाहावे. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. धुळीची अ‍ॅलर्जी असल्यास चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा नियमाने वापरावा. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागू शकतात. झटपट नाक उघडणारे थेंब मात्र थोडे दिवसच घ्यावेत. लांबवल्यास नाक उलट अधिक चोंदते. लहान मुलांत बहुधा टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतात. त्यांना डॉक्टरांना दाखवावे.

नाक मोकळे झाल्याने झोप सुधारते, घोरणे कमी होऊ शकते. पण विकार समूळ जाईलच असे नाही. वजन आटोक्यात ठेवणे, कुशीवर झोपणे व मद्य वर्ज्य करणे हेही हवे. पंचशीलातील पाचवे शील येथे शरीराच्याही कामी येते. तरीही श्वास अडत असेल, दिवसा पेंग येत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

आनापानसतीत आपण आपला श्वास पाहतो. रात्रीचा श्वास मात्र आपल्याला कळत नाही, तो शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येतो. घरच्यांनी सांगितले तर रागावू नये. आणि मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी एक रात्र त्याच्या उशाशी बसून ऐकावे.