वाटीतलं मीठ, वाडीतलं मीठ

शिरक्याची बाटली आज उघडत नाही. मागच्या आठवड्यात शब्द दिला होता खरा, पण मधेच निर्मळहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि बाटली पुन्हा फडताळात गेली. ताईंची तक्रार अशी की, कोशिंबीर कालवताना झकास दिसते, पण मंडळी जेवायला बसेपर्यंत काकडी खाली आणि पाणी वर. त्यांनी दही टांगून घट्ट केलं, कूट वाढवलं, तरी तेच. ‘आताशा काकडीच पाणचट येते का हो?’ असं शेवटी विचारलंय.

ताई, काकडी पूर्वीही पाणचटच होती. तुम्ही मीठ लवकर घालता, एवढंच. हे एका ओळीत सांगून मला शिरक्याकडे वळता आलं असतं. पण मीठ कधी घालायचं, हा माझा जुना लाडका वाद आहे. घरात त्यावरून भांडणं झाली आहेत. तेव्हा आजचा सगळा भाग मिठाचा.

काकडीच्या वजनात ९५ टक्के पाणी असतं. तिचा कुरकुरीतपणाही त्या पाण्याचाच. एकेक पेशी टम्म फुगलेली असते आणि दाताखाली फुटते. चिरलेल्या फोडीवर मीठ पडलं की ते तिथल्या ओलाव्यात विरघळतं. फोडीबाहेर खारट पाणी, आत गोडं पाणी आणि मध्ये पेशीचा पातळ पडदा. मग आतलं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे निघतं. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून फुगवले होते, आठवतंय? परासरण. तोच प्रयोग उलटा. साखरही हेच काम करते. आपण कोशिंबिरीत दोन्ही घालतो आणि वर काकडीला नावं ठेवतो.

एकदा घरी वाद मिटवायला मी पाव किलो काकडी किसली, अर्धा चमचा मीठ लावलं आणि दहा मिनिटांनी पिळली. जवळपास अर्धी वाटी पाणी निघालं. तेवढीच काकडी चोचवून घेतली आणि मीठ न लावता ठेवली, तर तितक्या वेळात ताटलीचा तळ जेमतेम ओला झाला. या फरकात मिठाचा वाटा मोठा, पण किसणीचाही आहे. किसणी पेशी फाडते, धारदार सुरी त्या कापते. फाटलेली पेशी मिठाची वाटसुद्धा बघत नाही.

चोचवणं आता फार घरांत दिसत नाही, म्हणून सांगतो. सोललेली काकडी डाव्या तळहातावर आडवी धरायची. उजव्या हातातल्या सुरीनं तिच्यावर लांबीच्या दिशेनं हलके, जवळजवळ घाव घालायचे. सुरी आत शिरली पाहिजे, पण आरपार जाता कामा नये. घाव भरले की वरचा थर पातळ कापून घ्यायचा, त्याचा बारीक चुरा ताटात पडतो. मग काकडी जरा फिरवायची आणि पुन्हा टकटक. आजीचा हात चालू असायचा तेव्हा तो आवाज ओटीवर ऐकू यायचा आणि आज जेवायला खमंग काकडी आहे, हे सगळ्यांना न सांगता कळायचं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी काकडी पाटावर ठेवूनच चोचवावी. तळहात आपलाच असतो.

आता क्रम. चोचवलेली काकडी हातानं हलकी दाबायची, सुटं पाणी काढायचं. आधी दाण्याचं कूट घालायचं, कारण ते उरलेला ओलावा शोषतं. मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर. वर तूप-जिऱ्याची फोडणी. फोडणी आधी पडली की फोडींना तुपाचा हात लागतो आणि मीठ थेट फोडीला चिकटत नाही. हे ताटकळत राहिलं तरी बिघडत नाही. पाटपाणी झालं, मंडळी बसली, की मीठ, चिमूट साखर, लिंबू. एकदा कालवायचं आणि वाढायचं. लिंबूही शेवटी का? आंबटानं कोथिंबिरीचा हिरवा रंग हळूहळू मळकट होतो, म्हणून. दह्याची कोशिंबीर असेल तर दहीसुद्धा याच वेळी.

पंगतीत वाढणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. कोशिंबिरीचं पातेलं कोरडं कालवून झाकलेलं असतं आणि मिठाची वाटी बाजूला. पहिलं पान मांडलं की मग मीठ. पानावर डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर शेजारी-शेजारी का, याची धार्मिक कारणं कुणी देईल. मला ती स्वयंपाक्याची हुशारी वाटते. कमी पडलं तर ज्याचं त्यानं पानातच लावून घ्यावं.

जाडं मीठ वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्याचा खडा सावकाश विरघळतो, त्यामुळे पाणी उशिरा सुटतं, पण पहिल्या घासाला कोशिंबीर अळणी लागते. मग हात पुन्हा मिठाकडे जातो आणि शेवटचा घास खारट. कोशिंबिरीला बारीक मीठच बरं.

पण पाणी सुटणं हा दर वेळी गुन्हा नसतो. कांदा-कैरीचा तक्कू घ्या. कांदा आणि कैरी किसायची, त्यात मीठ, तिखट आणि गूळ घालून तासभर विसरून जायचं. जे पाणी सुटतं तोच त्याचा रस. वरून तेलाची हिंग-मोहरीची फोडणी दिली की बाहेरचं कसलंही ड्रेसिंग लागत नाही. दुकानातल्या बाटलीत तरी काय असतं? आंबट, गोड, खारट आणि तेल. तक्कू ते आपल्या अंगातूनच काढतो. कोबी, मुळा हेही मीठ लावून दहा मिनिटं ठेवले की त्यांचा ताठा जातो. कच्चा कांदा मिठानं चुरून घट्ट पिळला की त्याचा उग्रपणा पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे कोशिंबिरींची दोनच घराणी. एकात पाणी रोखायचं, दुसऱ्यात सोडवायचं. आपण कुठल्या घरात आहोत हे ठरवलं की मीठ कधी घालायचं ते आपोआप कळतं.

हे सगळं मला वाटीच्या आधी वाडीत कळलं होतं. वसईकडच्या आमच्या गास गावातल्या माणसाला मिठाचं असं वेगळं शिकवावं लागत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं, आणि मध्ये आमच्या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखलं. विहिरींवर रहाट होते तोवर दिवसाला उपसा तो किती होणार? बैल दमला की विहीरही विसावायची. मग पंप आले. पुढे नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींसाठी टँकर विहिरींवर उभे राहिले. बावखलं पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवायची, त्यातली कित्येक बुजली. जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्याला मागे रेटून असतं. गोडं उपसलं की खारं पुढे सरकतं. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे इथली माणसं रस्त्यावर उतरली, त्यामागे हा पाण्याचाही धसका होता.

खारं पाणी लागलेली वाडी ओळखायची कशी? केळीच्या पानाची कड करपते. पानवेल खंगते. माती ओली दिसते आणि झाड मात्र तहानलेलं. मुळाबाहेरच्या पाण्यात मीठ इतकं असतं की मुळाला ते ओढून घेता येत नाही. वाटीतल्या काकडीची गत वाडीतल्या केळीची होते. आपण दोन्हीकडे म्हणतो, ‘वाणच खराब निघालं.’

काकडीचा कडूपणाही पाण्याशी बांधलेला आहे. वेलाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की कडवट द्रव्य वाढतं आणि ते देठाकडे आणि सालीलगत जास्त असतं. देठाचा तुकडा कापून फेस येईपर्यंत घासण्याचा विधी मीही करतो, सवयीनं. खरा उपयोग देठाकडचं बोटभर कापून टाकण्याचा. चव घेऊन बघा. सगळीच कडू असेल तर टाकून द्या. दुधी कडू लागला तर मात्र मोह नकोच, तो पोटाला घातक ठरू शकतो.

तर निर्मळच्या ताई, उद्या काकडी तीच आणा, दही तेच घ्या, फक्त मिठाची वाटी ओट्यावरून उचलून पानाजवळ ठेवा. शिरका पुढच्या आठवड्यात, मधे दुसरं पत्र आलं नाही तर. आणि काकडी पिळून निघालेलं पाणी मोरीत ओतू नका. थालीपिठाचं पीठ त्यातच भिजवा. मात्र काकडीला मीठ लावलेलं असेल तर पिठात मीठ बेतानं घाला.