गाण्याचेही बेणे राखावे



लावणीच्या निमित्ताने आम्ही निलंगा भागातील वस्त्यांवर फिरतो, तेव्हा बेण्याचे बोलणे आटोपले की वडीलधारी मंडळी जुन्या काळाकडे वळतात. पूर्वी घरोघरी गाणे होते आणि वाजवायचे साधनही घरचेच असायचे, ही गोष्ट हमखास निघते.

आमच्या आजोबांची एकतारी वेलावरच्या कडू भोपळ्याची. भोपळा वाळवायचा, आतला गर काढायचा, तोंडावर शेळीचे कातडे ताणायचे, कळकाची दांडी खोवून एक तार बांधायची. झाली एकतारी! दिमडीचे कातडे पावसाळी हवेत ढिले पडे, म्हणून भजनाआधी ती शेकोटीवर धरीत. आम्हा पोरांचे वाद्य त्याहून स्वस्त. मृगाच्या पावसावर उकिरड्यात रुजलेली आंब्याची कोय घ्यायची, टरफल काढून आतला भाग दगडावर घासायचा, की पिपाणी तयार!

गाणे कामाशी बांधलेले होते. पहाटे जात्यावर ओवी, विहिरीवर मोटेचे गाणे, नवरात्रात आराध्यांचे संबळ आणि झांज. पुढे गिरणी आली, इंजिन आले, विजेचा पंप आला. मोट सुटली, जाते भिंतीला टेकले. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. आजीच्या हाताचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण कामाबरोबर गाणेही गेले.

एकतारी आजही करता येईल, ओवीचे तसे नाही. आजीला पहाटभर पुरतील इतक्या ओव्या येत. आईला त्यांतल्या वीस-पंचवीस आठवत. आमच्या बहिणीला चार येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात शेजारच्या किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. त्यांच्याबरोबर किती गाणी गेली, याचा हिशेब कोण मांडणार?

हे काम होण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्याला फक्त आपल्या घरच्या जमवायच्या आहेत. आज बहुतेकांच्या खिशात मोबाईल आहे. हंगामाची धांदल संपली की घरातल्या आजी, काकू, आत्याबाईंना बसवून म्हणायला लावावे. नुसते 'सांगा' म्हटले तर आठवत नाही. निवडायला धान्य पुढे द्यावे, की चाल आपोआप ओठावर येते. शब्द आहेत तसेच ठेवावेत, शुद्ध करू नयेत. सोबत बाईचे नाव, माहेर आणि ओवी कोणाकडून शिकली तेही नोंदवावे.

चांगल्या जातीचे बेणे आपण वेगळा मळा करून राखतो, कारण ते एकदा मोडले की पुढची लावण अडते. घरच्या ओव्यांचेही तसेच आहे. हे काम यंदाच्या उन्हाळ्यातच करावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.