आधी ‘व्हिव्हिड’ काढा

टीव्ही भिंतीवर बसवला की रिमोट गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी ‘व्हिव्हिड’ मोड काढतो. दुकानाच्या झगझगाटात रांगेतल्या टीव्हींत उठून दिसायला तो ठीक. घरात मैदान पोपटी आणि चेहरे लालभडक होतात. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावतो, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’. “अहो, पिवळं पडलं!” काकू लगेच म्हणतात. चार दिवस राहू द्या, म्हणतो. घरच्या पडद्यासाठी सिनेमाचे रंग ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा धरूनच ठरवतात. आपल्या डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते.

खरी खोड मोशन स्मूदिंगची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा; टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसडतो आणि कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझनेही व्हिडिओ काढून हे बंद करायला सांगितलं होतं. क्रिकेटला मात्र मी ते थोडं ठेवतो, चेंडू नीट दिसतो.

शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्याजवळच बरा. त्याने बारकावे वाढत नाहीत, अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ तेवढी उमटते. आणि उजेड हवा तर बॅकलाइट वाढवा. बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस चढवलात तर काळा रंग राखाडी होतो.