ओढा, तोडा, खा! सफरचंद-दालचिनीचा पुल-अपार्ट ब्रेड घरच्या घरी

बेकरीसारखा ब्रेड घरी होत नाही, असं कोण म्हणतं? पाऊण तासाची मेहनत आणि एक रात्र फ्रीज, एवढ्यावर हा वीकएंड स्पेशल ब्रेड जमून जातो.

तुमच्या घरातला तो ओटीजी आठवतोय? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मोठ्या हौसेने आलेला? सुरुवातीला त्यात केक झाले, नानकटाई झाली, एखादा पिझ्झाही झाला. मग ऑफिसं सुरू झाली, लोकल सुरू झाल्या आणि ओटीजीवर चढलं कव्हर. कव्हरवर विजेच्या बिलांची फाईल आणि फाईलवर कोणाचं तरी हेल्मेट! या वीकएंडला ते हेल्मेट खाली उतरवा. पण केकसाठी नाही. या वेळी ब्रेड करायचाय.

‘छे, यीस्टचं काही खरं नसतं बुवा’ हे वाक्य इथे हमखास येतं. केक फुगेल याची खात्री असते, ब्रेडची नसते. पण तुमच्या घरी दही लावतात ना? मग यीस्टचं निम्मं शिक्षण तुमचं आधीच झालेलं आहे. विरजणाला दूध किती कोमट हवं, मे महिन्यात दही पटकन का लागतं आणि डिसेंबरात पातेल्याला टॉवेल का गुंडाळावा लागतो, हे आईने कधी घड्याळ लावून शिकवलेलं नसतं. यीस्टही तसलंच जिवंत प्रकरण आहे. गारठ्यात सुस्तावतं, उबेत पळतं आणि चटका बसला की मरतं. रेसिपीत लिहिलेला ‘एक तास’ लंडनच्या किचनमधला असतो, तुमच्या ठाण्याच्या किंवा पुण्याच्या नाही. बहुतेकांचा ब्रेड फसतो तो इथेच.

लादी पावाचा मॉडर्न भाऊ

पुल-अपार्ट म्हणजे ओढून सुटा होणारा. या ब्रेडला सुरी लागत नाही. गरम लोफ टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि ज्याने त्याने आपापली पाकळी ओढायची. पिठाच्या तुकड्यांमध्ये लोणी आणि साखर असल्यामुळे ते भाजताना चिकटतात, पण एकजीव होत नाहीत. झालं, एवढंच गुपित.

अमेरिकेत या प्रकाराला ‘मंकी ब्रेड’ म्हणतात. तिथे तो पोचला हंगेरीहून गेलेल्या ज्यू कुटुंबांबरोबर. त्यांच्याकडे लोण्यात, साखरेत आणि अक्रोडात घोळवलेल्या पिठाच्या गोळ्यांचा एक गोड पदार्थ असतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘सोनेरी गोळे’. १९८०च्या दशकात नॅन्सी रेगन यांनी व्हाइट हाऊसच्या ख्रिसमसमध्ये मंकी ब्रेडला स्थान दिलं आणि त्याचा भाव वधारला.

आपल्याला मात्र ओढून खायचा ब्रेड नवा नाही. लादी पाव काय वेगळा असतो? गोळे थोडं अंतर ठेवून मांडायचे, फुगून ते एकमेकांना खेटतात आणि भाजल्यावर लादीतून एकेक सुटतो. पोर्तुगीजांच्या ‘पाँव’चा आपण पाव केला. (पायाने मळतात म्हणून पाव, ही कथा आजी-आजोबांच्या पिढीत फार चालायची. तिचा खऱ्या व्युत्पत्तीशी काही संबंध नाही.) गोव्यातले पोदेर तर पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. म्हणजे पाकिटातलं यीस्ट मिळायच्या कितीतरी आधीपासून आपल्या किनाऱ्यावर हा उद्योग चालू आहे.

सफरचंद कुठलं घ्यायचं?

जे मिळेल ते! पण थोडं समजून घ्या. हातगाडीवरचं लालभडक, टोकाला निमुळतं सफरचंद बहुतेक वेळा डेलिशियस घराण्यातलं असतं. हे घराणं मूळचं अमेरिकन. सॅम्युएल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ सिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाले आणि १९१६च्या सुमारास त्यांनी तिथे रेड डेलिशियसची रोपं लावली. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि सत्यानंद स्टोक्स झाले. हिमाचलच्या सफरचंद-व्यवसायाचा पाया त्या बागांनी घातला.

डेलिशियस खायला छान, पण भाजायला थोडं नाजूक. गोडवा भरपूर, आंबटपणा कमी आणि शिजल्यावर पटकन मऊ पडतं. उपाय सोपा आहे, लिंबू पिळा. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट असतं आणि आकारही धरून ठेवतं. बजेट असेल तर एक लाल, एक हिरवं असं कॉम्बिनेशन सॉलिड लागतं. सगळी हिरवीच घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. सफरचंद आधी परतून घ्या. कच्च्या फोडींवर साखर पडली की त्या पाणी सोडतात, ते पाणी पिठात उतरतं आणि ब्रेड मधून गिच्च राहतो. साल काढून वाटाण्याएवढे तुकडे करा. पॅनमध्ये चमचाभर बटर, चमचाभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता. पॅनमध्ये पाणी दिसेनासं झालं की गॅस बंद. पूर्ण गार करा. मोठे तुकडे ठेवलेत तर पीठ फाटेल, म्हणून बारीकच चिरा.

दालचिनीबद्दलही थोडं. किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशिया असते, तिखट आणि झणझणीत. खरी दालचिनी पातळ सालीची, सिगारसारखी अनेक पदरांनी गुंडाळलेली आणि बोटांनी चुरडणारी असते. वासाला ती गोडसर आणि सौम्य. ती आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ नावाची जात आहे. कोकणात फिरायला गेलात तर काजूगर आणि कोकमाबरोबर एक पुडी आणा. खलबत्त्यात ताजी कुटून बघा, तयार पावडरीत तो वास नाही. आणि दालचिनी पिठात मळू नका, थरांमध्येच घाला. तिच्यातल्या ज्या तेलामुळे हा वास येतो, तेच यीस्टला मंदावतं.

साहित्य (९ बाय ५ इंचांच्या लोफ टिनसाठी)

मैदा ३५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (दीड छोटा चमचा), मीठ अर्धा छोटा चमचा, कोमट दूध सुमारे २२५ मिली, मध्यम आकाराची २ सफरचंदं, ब्राऊन शुगर ७५ ग्रॅम, दालचिनी पूड २ छोटे चमचे, अर्धं लिंबू. मिठाच्या बटरचं १०० ग्रॅमचं एक पाकीट सगळ्याला पुरतं: ५० ग्रॅम पिठात, चमचाभर सफरचंदात, उरलेलं थरांना आणि टिनला. ब्राऊन शुगरऐवजी गुळाची पावडर चालते, नव्हे, मला तीच जास्त आवडते. अंडं यात नाही, त्यामुळे चतुर्थीचं टेन्शन नाही.

शुक्रवारी रात्री: पंधरा मिनिटं

ऑफिसातून येऊन, जेवून झाल्यावर हे काम करायचं. मैदा, साखर, मीठ आणि यीस्ट परातीत एकत्र करा. दूध विरजणाला असतं तितपतच कोमट हवं, त्यात बोट आरामात टेकलं पाहिजे. बोट पटकन बाहेर काढावंसं वाटलं तर थांबा, गार होऊ द्या. दूध थोडं थोडं घालत मळायला घ्या. मैदा प्रत्येक ब्रँडचा वेगळा आणि पावसाळ्यात हवेतच ओल, त्यामुळे शेवटचे दोन-तीन चमचे दूध हातात राखून ठेवा.

आता मऊ बटर घालून दहा मिनिटं मळा. सुरुवातीला सगळं हाताला चिकटेल आणि ‘आणखी मैदा टाकू या’ असा मोह होईल. टाकू नका! पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे पीठ सैल वाटणारच. पाच-सहा मिनिटांनी ते आपोआप गुळगुळीत होतं. छोटा तुकडा बोटांनी ताणून बघा. न फाटता पातळ पडदा झाला, तर पीठ तयार.

यीस्टचं पाकीट जुनं असेल तर आधी परीक्षा घ्या. थोड्या कोमट दुधात चिमूटभर साखर घालून यीस्ट टाका. दहा मिनिटांत फेस आला तर ठीक, नाही आला तर पाकीट केराच्या डब्यात. उघडलेलं यीस्ट हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवायचं.

पिठाला तेलाचा हात लावा, मोठ्या डब्यात घालून झाकण लावा, अर्धा तास ओट्यावर ठेवा आणि मग फ्रीजमध्ये. तुम्ही खुशाल झोपा. गारव्यात यीस्ट हळूहळू काम करतं, त्यामुळे चव वाढते आणि तुमची शुक्रवारची रात्रही वाचते. दुसरा फायदा सकाळी कळतो. थंड पीठ लाटायला आणि कापायला अगदी गुणी असतं.

सेम डे करायचाय? मग यीस्ट ७ ग्रॅम घ्या आणि पीठ बाहेरच फुगू द्या. मुंबईच्या उकाड्यात पाऊण तासातही ते दुप्पट होईल. पुण्यात-नाशिकात थंडीच्या दिवसांत दोन तासही लागतील. घाई असेल तर बंद ओटीजीत गरम पाण्याच्या वाटीशेजारी पिठाचं भांडं ठेवा. ओटीजी चालू करायचा नाही, हे सांगायला हवंच.

शनिवारी सकाळी: लाटा, कापा, रचा

पोळपाट पुरणार नाही. ओटा स्वच्छ पुसून, मैदा भुरभुरवून दीड फूट बाय एक फूट असा आयत लाटा. कडा वाकड्या झाल्या तरी हरकत नाही, भाजल्यावर कोणाला कळतंय! वर वितळलेलं बटर फासा, ब्राऊन शुगर आणि दालचिनी एकत्र करून पसरा, मग सफरचंद. हाताने हलकं दाबा.

लांब बाजूचे सहा सारखे भाग करून सहा पट्ट्या कापा. तीन-तीन पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन चळती करा आणि प्रत्येक चळतीचे सहा तुकडे करा. एकूण छत्तीस पाकळ्या झाल्या. बटर लावलेला टिन उभा धरा आणि फाईलमध्ये कागद लावावेत तशा पाकळ्या एकामागे एक लावत जा. सफरचंद सांडेल, थोडी चिकचिक होईल. सांडलेलं उचलून वरच्या फटींमध्ये कोंबा.

एवढा खटाटोप नको असेल तर पेढ्याएवढे गोळे करा, बटरमध्ये बुडवून दालचिनी-साखरेत घोळवा आणि सफरचंदाबरोबर केकच्या गोल टिनमध्ये रचा. हाच तो मंकी ब्रेड. चव तीच, फोटो तेवढा देखणा येत नाही.

आता टिन झाकून पुन्हा फुगायला ठेवा. पीठ फ्रीजमधलं असल्यामुळे एक-सव्वा तास लागेल. घड्याळ नको, बोट वापरा. पीठ हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू आणि अर्धवट भरला तर ओव्हनची वेळ झाली. भरलाच नाही, तर ताबडतोब भाजायला घ्या.

ओव्हनमध्ये

ओटीजी १८० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून. टिन मधल्या जाळीवर आणि त्याच्याखाली एक ट्रे, नाहीतर साखरेचा पाक खालच्या रॉडवर ठिबकेल आणि घरभर धूर होईल. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी जवळ असतो, म्हणून वीस मिनिटांनी वर डोकावा. रंग आला असेल तर फॉइल झाका. मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर. मेटलचा टिन मायक्रो मोडवर अजिबात नको.

वरून सोनेरी दिसला म्हणून फसू नका. हा ब्रेड शेवटी शिजतो तो पोटात. सुरीच्या टोकाने मधल्या दोन पाकळ्या किंचित बाजूला करून बघा. आतलं पीठ चकचकीत आणि ओलं दिसलं तर आणखी सात-आठ मिनिटं. किचन थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९० अंशांच्या वर आकडा हवा.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, पण अर्धा तास नको. साखर पूर्ण गार झाली की टिनला अशी चिकटते की सोडवता सोडवत नाही. कडेने सुरी फिरवा आणि उलटा करून पुन्हा सुलटा. वर आयसिंग वगैरे घालायची पद्धत आहे. मला विचाराल तर गरम पाकळी आणि कटिंग चहा यांच्यामध्ये आयसिंगचं काही काम नाही. खोपोलीपर्यंत वास जाईल ही अतिशयोक्ती झाली, पण शेजारची बेल नक्की वाजते.

उरला (शक्यता कमी आहे!) तर त्या दिवशी झाकून बाहेरच ठेवा. फ्रीजमध्ये ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो आणि बाहेर सफरचंदामुळे तो दुसऱ्या दिवसापलीकडे टिकत नाही. म्हणून उरलेल्या पाकळ्या सुट्या करून, पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका. सोमवारी सकाळी दोन-चार काढून डब्यात भरल्या की चार वाजेपर्यंत त्या आपोआप नॉर्मलला येतात. ऑफिसच्या पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद पुरेत. डबा उघडण्याआधी टिश्यूचा बॉक्स जवळ घ्या, कारण बाजूच्या क्युबिकलमधले हातही येणार आहेत.