चढताना मोटर, उतरताना जनित्र

कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेली रेल्वेगाडी बोर घाटात दर 37 मीटरला एक मीटर वर चढते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकासाठी हा विलक्षण खडा चढ आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या मार्गावर वीज आणली आणि घाटासाठी 2,600 अश्वशक्तीची खास मालवाहू इंजिने मागवली. काही स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली होती, उरलेली इंग्लंडमध्ये. पुढे डब्ल्यूसीजी-1 या नावाने ओळखली गेलेली ही सांधेजोड इंजिने रेल्वेतल्या माणसांसाठी मात्र ‘खेकडा’ होती. घाट उतरताना ती वीज तयार करून डोक्यावरच्या तारेत परत सोडत.

हे शक्य होते, कारण मोटर आणि जनित्र ही मुळात वेगळी यंत्रे नाहीत. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल येते; तीच तार क्षेत्रात हलवली की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा दुसरा शोध मायकेल फॅरेडेने 1831 साली लावला. फिरणाऱ्या मोटरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. वीज तिला फिरवते आणि ती फिरू लागताच तिच्या गुंडाळ्यांत उलटा दाब उभा राहतो. हा विरोधी दाबच मोटरचा रक्षक आहे, कारण आत येणारा प्रवाह तोच आवरून धरतो. थेट सुरू केलेली साधी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, ती याच रक्षकाच्या अभावी. विहिरीवरचा पंप गाळाने अडकला की मोटर जळते, त्याचे कारणही तेच.

घाटाच्या उतारावर गुरुत्वाकर्षण चाके फिरवते. चालकाने मोटरचे चुंबकीय क्षेत्र पुरेसे वाढवले की विरोधी दाब तारेतल्या दाबाच्या वर जातो आणि प्रवाहाची दिशा उलटते. वीज बाहेर पडते, तशी चाकांना ओढही बसते, म्हणजे ब्रेक आपोआप लागतो. 1,000 टनांची गाडी 100 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 272 युनिट ऊर्जा मोकळी होते. साध्या ब्रेकमध्ये ती सगळी चाके तापवण्यात जाते. इथे तिचा काही भाग घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळतो. मात्र ती वीज घेणारे त्या क्षणी कोणीतरी असावे लागते.

सगळी ऊर्जा परत का मिळत नाही? पहिली गळती तांब्यात होते. तारेचा रोध विद्युत ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. दुसरी गळती लोखंडात. त्याचे चुंबकत्व पुन्हा पुन्हा उलटवायला ऊर्जा लागते, शिवाय त्यात भोवरी प्रवाह फिरतात. म्हणूनच गाभा एकसंध न ठेवता सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून विद्युतरोधित पत्र्यांचा रचतात. तिसरी गळती बेअरिंगच्या घर्षणात आणि फिरणाऱ्या भागाने घुसळलेल्या हवेत.

मोठ्या जनित्रात अशा गळतीची लहानशी टक्केवारीही प्रचंड ठरते. औष्णिक वीज केंद्रातील 500 मेगावॅटच्या जनित्रात दीड टक्का ऊर्जा गेली, तरी 7.5 मेगावॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. त्यासाठी बंद कवचात हायड्रोजन खेळवतात. तो हवेच्या सुमारे चौदा पट हलका असल्याने घुसळण कमी होते आणि हवेच्या जवळपास सात पट चांगला उष्णतावाहक असल्याने यंत्र थंड राहते. गुंडाळ्यांच्या पोकळ तांब्यातून अतिशुद्ध पाणीही फिरवले जाते. ही काळजी आवश्यकच आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे तापमान दर 10 अंशांनी वाढले की गुंडाळीवरील विद्युतरोधकाचे आयुष्य साधारण निम्मे होते.

जगात वापरल्या जाणाऱ्या विजेतली निम्म्याच्या आसपास वीज मोटरींमध्ये जाते. म्हणून चांगले पोलाद, जाड तांबे आणि कामाला साजेशा क्षमतेची मोटर निवडणे ही केवळ कारखान्याच्या हिशेबाची बाब नाही. इथे वाचवलेला एकेक टक्का नवे वीज केंद्र उभारण्याची गरज पुढे ढकलतो.