सावलीचे मोल
नागपूरचे हवामान टोकाचे आहे. २०१३ च्या मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. २०१८ च्या डिसेंबरात तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. अशा शहरात धावणाऱ्याला आणि सायकलस्वाराला रस्त्याइतकाच ऋतूचाही विचार करावा लागतो.

हिवाळा त्यांना सर्वाधिक अनुकूल. सिव्हिल लाइन्समधील जुन्या वृक्षांखालून निघावे, सेमिनरी हिल्सचा चढ चढावा आणि तेलंगखेडीवरून फुटाळ्याच्या काठी उतरावे, हा क्रम अनेकांच्या अंगवळणी पडला आहे. जानेवारीत सूर्योदयालाच पावणेसात वाजून जातात, आणि त्यानंतरचे ऊनही सुखावह वाटते. मे महिन्यात मात्र साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि दोन-तीन तासांत रस्ता तापू लागतो. पावसाळ्यात गोरेवाड्याकडची हिरवाई मोह घालते. पण २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि काठच्या वस्त्या जलमय झाल्या, हेही विसरता येत नाही.

वर उल्लेखिलेली सर्व ठिकाणे शहराच्या पश्चिम आणि वायव्य भागांत आहेत, ही बाब लक्षणीय आहे. बख्त बुलंद शहाने वसविलेल्या आणि भोसल्यांनी वाढविलेल्या मूळ नगरात, म्हणजे महाल-इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर, अशी सलग सावली दुर्मीळ आहे. हौसेने धावणारा आपली वेळ बदलू शकतो, उन्हाळ्यात घरीही बसू शकतो. सायकलवरून कामावर जाणाऱ्या मजुराला ती मुभा नाही. नवतपातही त्याची वेळ मालक ठरवतो आणि त्याचा मार्ग पोट ठरवते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सावली ही सार्वजनिक वस्तू होय. तिला बाजारात किंमत नाही. म्हणूनच रस्तारुंदीच्या अंदाजपत्रकात सिमेंटचा खर्च मांडला जातो, तोडलेल्या झाडाची सावली मात्र हिशेबाबाहेर राहते. त्या झाडाच्या बदल्यात दूर कोठेतरी रोपे लावली, तर वृक्षसंख्येचा ताळेबंद जुळतो. त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावरचे ऊन हटत नाही. रोपाचा वृक्ष होण्यास लागणारी वर्षे कोणत्याही नुकसानभरपाईत मोजली जात नाहीत.

केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या स्पर्धेत नागपूरने भाग घेतला होता. हेतू स्तुत्यच होता. परंतु सायकलसाठी रस्त्याच्या कडेला पट्टा आखणे हे काही दिवसांचे काम आहे. त्यावर सावली धरणे हे एका पिढीचे. महापालिकेने कामगारांच्या नित्य वाटा प्रथम निश्चित कराव्यात आणि तेथील उभी झाडे राखून, उरलेल्या जागी नवी लावावीत. सायकलमार्गाची परीक्षा डिसेंबरच्या रम्य पहाटे घेण्यात अर्थ नाही. ती मे महिन्यातील दुपारी, इतवारीच्या रस्त्यावर घेतली पाहिजे.