पितळ, हिशेब आणि न दिसणारा कण



आठवीच्या विज्ञानात 'अणूचे अंतरंग' हा पाठ आहे. पण त्यातला खरा प्रश्न मला पाचवीच्या वर्गातच आला. "बाई, जे दिसतच नाही ते आहे, हे कळतं कसं?" त्या दिवशी मी "मोठे शास्त्रज्ञ मोठ्या यंत्रातून बघतात" असं सांगून वेळ मारून नेली. नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, की माझं उत्तर चक्क चुकीचं होतं. मूलकणांच्या शोधात नवा कण यंत्रातूनही दिसत नाही. मग तो सापडतो कसा? हा लेख त्या मुलाला द्यायच्या दुरुस्त उत्तरासाठी.

आधी यंत्र समजून घेऊ. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ सर्न ही संस्था आहे. तिथे जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. म्हणजे सोनगीरहून धुळ्याला जाऊन थोडं पुढे, एवढा रस्ता गोल वळवला तर होईल तेवढा. यात प्रोटॉनचे झुपके प्रकाशाच्या जवळपास वेगाने उलटसुलट दिशेने फिरवतात आणि ठरावीक जागी समोरासमोर आणतात. हे झुपके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात.

इथे मुलांचा एक गैरसमज होतो, आणि आपलाही. प्रोटॉन फोडून आतले तुकडे बघायचे असतात, असं वाटतं. तसं नाही. दोन बोरं जोरात एकमेकांवर आपटली आणि त्यातून टरबूज निघालं, असला प्रकार आहे हा! टरबूज बोरात नव्हतं. वेगाची जी ऊर्जा होती, तिचंच वस्तुमान झालं. १९९५ साली अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये टॉप क्वार्क सापडला, तो एकटाच प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट जड आहे. तो शोधणाऱ्या दोन गटांपैकी डी-झीरो या गटात आपल्या मुंबईच्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सामील होती.

पण असा जड कण जन्मतो आणि लगेच संपतो. डिटेक्टरच्या पहिल्या थरापर्यंतसुद्धा तो पोचत नाही. हाती लागतात ती त्याची लेकरं-नातवंडं, म्हणजे त्यातून निघालेले ओळखीचे कण. डिटेक्टरचं काम ते सगळे पकडून मोजायचं.

आता पितळेकडे येते. आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे हा भाग वर्गात सांगताना मजा येते. सर्नच्या डिटेक्टरांपैकी एकाचं नाव सीएमएस. १४,००० टन वजन, २१ मीटर लांबी, १५ मीटर उंची. त्यात कणांची ऊर्जा मोजणाऱ्या एका थराला हॅड्रॉन कॅलोरीमीटर म्हणतात. पितळेचे जाड पत्रे आणि मध्ये मध्ये सिंटिलेटर नावाच्या प्लास्टिकच्या फरश्या. कण पितळेवर आदळतो, त्यातून आणखी कण निघतात, ते पुढच्या पत्र्यावर आदळतात. प्रत्येक वेळी प्लास्टिकमध्ये मंद उजेड पडतो. जेवढा उजेड, तेवढी ऊर्जा.

पितळच का? वर्गात लोहचुंबक आणा. खिळ्याला चिकटतो, पितळेच्या तांब्याला चिकटत नाही. सीएमएसच्या आत इतकं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असतं, की तिथे लोखंड ठेवून चालत नाही. आणि हे पितळ आलं कुठून, तर काही भाग रशियन नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या कवचांतून! दहा लाखांहून जास्त कवचं वितळवली. मोडीतून नवं भांडं घडवणाऱ्या गावातल्या मुलांना यात नवल वाटत नाही, "मग त्यात काय?" म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. काही कण या पितळेलाही दाद देत नाहीत. न्यूट्रिनो आरपार निघून जातो, मागे काही ठेवत नाही. मग तो होता हे कसं कळणार? हिशेबावरून. मुलाला शंभर रुपये देऊन बाजारात पाठवलं. सत्तरचं सामान आणलं, वीस परत दिले. दहा कुठे आहेत? आपण दहाची नोट पाहिलेली नाही, पण ती गेली हे नक्की. टकरीतही तसंच असतं. दोन्ही प्रोटॉन सरळ रेषेत समोरासमोर येतात, आडव्या दिशेला कुणाचाच जोर नसतो. म्हणून टकरीनंतरही आडव्या दिशांचा सगळा जोर मिळून शून्यच भरला पाहिजे. एका बाजूला खूप कण उडाले आणि समोर काहीच नाही, असं दिसलं तर समोरून कुणीतरी न दिसता निसटलं.

पण थांबा. आधी मुलाचा खिसा फाटका नाही ना, हे बघायला नको का?

हेच खिसा तपासायचं काम मुंबईकडे होतं, आणि मला या सगळ्यात तेच जास्त आवडलं. सीएमएसमध्ये चुंबकाच्या वेटोळ्याच्या आत जागा कमी. तिथलं पितळ काही जोरदार कणांना पूर्ण अडवायला पुरत नाही, थोडी ऊर्जा बाहेर गळते. ती मोजली नाही, तर हिशेबात तूट येईल आणि साध्या गळतीला आपण 'नवा कण' समजून बसू. म्हणून वेटोळ्याच्या बाहेर सिंटिलेटरचा आणखी एक थर बसवला, आऊटर हॅड्रॉन कॅलोरीमीटर. तो टीआयएफआरने चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या साथीने बनवला. नवा कण पकडण्याइतकंच खोटा कण न पकडणं महत्त्वाचं, आणि हा थर त्यासाठी.

तसा आपल्या दारावरून जाणारा आग्रा रोडही या कामाशी जोडलेला आहे बरं का. तोच रस्ता शिरपूर, सेंधवा करत इंदूरला जातो. तिथल्या राजा रामण्णा केंद्राने बोगद्यातल्या अजस्र चुंबकांना अचूक जागी धरून ठेवणारे जॅक तयार करून दिले, सात हजारांच्या वर.

ज्या कणाचे सगळे तुकडे सापडतात, तिथे आपला स्तंभालेख कामाला येतो. प्रकाशकणांच्या जोड्या मोजायच्या, प्रत्येक जोडीवरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं आणि स्तंभ रचत जायचं. एका जागी उंचवटा आला, तर तिथे काहीतरी आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने हिग्ज बोसॉन जाहीर केला, त्यात असाच उंचवटा होता.

पण उंचवटे फसवतातही. नाणं दहा वेळा उडवून सात वेळा छापा आला, म्हणून नाणं खोटं ठरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन्ही मोठ्या गटांना एका नव्या जागी छोटा उंचवटा दिसला. जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले. पुढच्या ऑगस्टपर्यंत जास्त टकरी मोजल्या आणि उंचवटा सपाट झाला. योगायोग होता. त्या गटांनी तो शोध म्हणून जाहीर केलेलाच नव्हता. निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली आल्याशिवाय 'सापडला' म्हणायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे.

पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचं नाव इथे मुलींना जरूर सांगा. कोलायडरमध्ये नवा कण आला तर त्याची खूण कशी दिसेल, याचं गणित मांडण्यात त्यांनी आयुष्य घातलं. अतिसममिती नावाच्या सिद्धांतातल्या कणांवर त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला सगळ्यात हलका कण असेल, तर तो वरच्या दहा रुपयांसारखाच, तुटीतूनच कळेल. अजून तो सापडलेला नाही. मुलं विचारतात, "मग वाया गेलं का सगळं?" नाही. कोणत्या वस्तुमानापर्यंत तो नाही हे आता कळलं, तेवढी शोधायची जागा कमी झाली. विहीर खणताना इथे पाणी नाही हे कळणंही शेतकऱ्याच्या कामाचं असतं, पैसे गेले तरी.

वर्गात करायचं असेल तर एका बंद डब्यात काही गोट्या ठेवा, न उघडता फक्त हलवून, तोलून, चुंबक लावून आत काय आहे ते ओळखायला सांगा. आणि कशावरून ते वहीत लिहून घ्या. डबा शेवटीही उघडू नका. मुलं जाम चिडतात, पण शास्त्रज्ञांनाही तो उघडता येत नाही.

सीएमएसच्या दोन्ही टोकांचे पितळी भाग काढून तिथे सिलिकॉनचा नवा कॅलोरीमीटर बसवण्याचं काम हाती घेतलं आहे, त्यातही टीआयएफआर आहे. हे सांगितल्यावर वर्गातून लगेच प्रश्न आला, की मग ते जुनं पितळ मोडीत किती भावाने जाईल? इतकी वर्षं कणांचा मारा खाऊन ते किरणोत्सारी झालेलं असतं, म्हणून त्याचं भांडं काही होणार नाही, एवढं उत्तर मात्र मला लगेच देता आलं.